विलंब टपालाचा, भुर्दंड दिव्यांगाला
संजय गांधी निराधार योजनेखाली दिव्यांगांना मिळणारे मासिक अनुदान २०२५ साली २,५०० रुपये झाले, याचे आम्ही स्वागत करतो. परंतु नवी मुंबईचा अर्जदार राहतो वाशी-नेरूळला. त्याचे तहसील कार्यालय मात्र ठाण्यात! तेथून निघालेले त्रुटीपत्र उत्तराची मुदत उलटल्यावर घरी पोहोचले, तर दोष कोणाचा? दिव्यांगत्वाचे ओळखपत्रही टपालाने यावयाचे. पोस्टमनने वाजविलेली घंटा बहिऱ्यास ऐकू येत नाही. चाकांच्या खुर्चीवरील माणूस दारापाशी येईतो जिना रिकामा झालेला असतो. ऑनलाइन सोयीचे गोडवे गाणाऱ्या अधिकाऱ्यांनी हा अनुभव एकदा घ्यावाच. उत्तराची मुदत पत्र हाती पडल्यापासून मोजावी आणि मंजुरी केव्हाही येवो, अनुदान अर्जाच्या तारखेपासूनच द्यावे, अशी आमची शासनाकडे स्पष्ट मागणी आहे.