फळ्यावरचे तेलाचे तळे

बत्तीस वर्षे मी शाळेत भूगोल शिकवला आणि त्यातली निदान एक गोष्ट चुकीची शिकवली. चूक लहान की मोठी, ते तुम्हीच ठरवा.

१९७४ साली 'सागर सम्राट'ने मुंबई हायला तेल शोधले, तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलो होतो. वर्तमानपत्रातली बातमी मी वर्गात वाचून दाखवली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग मी फळ्यावर चित्र काढले. वर समुद्राच्या लाटा, खाली जमीन, जमिनीच्या पोटात एक मोठी गुहा आणि त्या गुहेत तेलाचे तळे. तळ्यात सोडलेला पाइप. चित्र मुलांना आवडले, म्हणून पुढे दर वर्षी तेच काढत आलो.

काही वर्षांनी मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, सगळं तेल काढल्यावर ती गुहा रिकामी राहणार ना? मग वरची जमीन खाली बसणार नाही का?" वर्ग हसला. मला उत्तर येत नव्हते. मी म्हणालो, "ते परीक्षेत येणार नाही. बस खाली." तो बसला. त्यानंतर वर्षभरात त्याने काही विचारल्याचे मला आठवत नाही.

मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला माणूस. भूगर्भशास्त्राशी कधी संबंध आला नाही. निवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हा वाचनालयातून पुस्तके आणून वाचू लागलो आणि लक्षात आले की जमिनीखाली ते तळे नाहीच! तेल असते दगडात.

गवंडी वीट लावण्याआधी पाण्यात भिजवतो, ते आठवा. वीट पाणी पिते, बुडबुडे सोडते, जड होते. पण फोडून पाहिली तर आत डबके सापडत नाही. तेलाचा खडक असाच असतो. मुंबई हायचा हा खडक मुख्यतः चुनखडीचा आहे आणि त्याच्या बारीक छिद्रांत तेल भरलेले आहे.

पण ते तेल तिथे जन्मलेले नाही. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. मुंबईबाहेरच्या समुद्राखालीही खूप खोलवर पुष्कळ ठिकाणी हाच कातळ आहे. त्यावर पुढे गाळ साचत गेला. गाळात सूक्ष्म जीव आणि झाडपाला गाडला गेला (डायनासोर नव्हेत, तोही एक गैरसमज). प्राणवायू न मिळाल्याने हे अवशेष पुरते कुजले नाहीत. थरावर थर चढले, खालचा गाळ दोन-चार किलोमीटर खोल गेला आणि तिथल्या साठ ते सव्वाशे अंशांच्या उष्णतेत लाखो वर्षे शिजून त्याचे तेल झाले. हे साखरेच्या पाकासारखे आहे. आच कमी पडली तर तेल होत नाही, फार झाली तर नुसता वायू उरतो.

मग सुरू होतो प्रवास. वरच्या थरांच्या भाराने तेल पिळून बाहेर पडते. आजूबाजूच्या खडकांची छिद्रे खाऱ्या पाण्याने भरलेली असतात आणि तेल पाण्याहून हलके. आमटीवर तवंग येतो तसे ते छिद्राछिद्रांतून, फटींतून वर सरकते. कधी सरळ, कधी तिरके, कित्येक किलोमीटर. 'हाय' म्हणजे उंचवटा. भोवतालच्या खोल भागांत तयार झालेले तेल या उंचवट्याकडे आले. वर घट्ट चिकणमातीचे थर होते, उपडी परात ठेवावी तसे. तिथे ते अडकले. अशा जागी वर वायू, मध्ये तेल आणि खाली पाणी अशी उतरंड लागते. परात नसती तर तेल समुद्रात झिरपून केव्हाच नाहीसे झाले असते. जगात तयार झालेल्या तेलापैकी थोडेच असे अडकून राहते.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. गुहा नसतेच, त्यामुळे ती रिकामीही होत नाही. तेल निघते तसे आजूबाजूचे पाणी छिद्रांत शिरते. पण आतला दाब कमी होतो, आणि खडक कच्चा असेल तर दबतो. कॅलिफोर्नियात लाँग बीच शहराखालच्या विल्मिंग्टन तेलक्षेत्रावर जमीन एके ठिकाणी तब्बल २९ फूट खचली. खाली पाणी दाबून भरले, तेव्हा खचणे थांबले. नॉर्वेजवळच्या समुद्रात एकोफिस्क इथे तळ एवढा बसला की १९८७ साली तेलाचे फलाट सहा मीटर वर उचलावे लागले. म्हणजे गुहा माझी चुकीची होती. प्रश्न त्याचा बरोबर होता.

कुणी म्हणेल, शाळेतल्या चित्राने काय बिघडते? मला वाटते, बिघडते. तळे म्हटले की शेवटच्या थेंबापर्यंत उपसता येईल असे वाटते, आणि हे आटले तर दुसरे शोधू असेही वाटते. प्रत्यक्षात जगभरात सरासरी एक तृतीयांशाच्या आसपासच तेल वर येते. बाकीचे दगडाला चिकटून राहते. 'साठा' हा शब्दही फसवा. कुणीतरी आपल्यासाठी भरून ठेवल्यासारखा! इथे कुणी काही भरून ठेवलेले नाही. गाळ, आच, वाट आणि झाकण हे सगळे योग्य क्रमाने जुळले, म्हणून ते उरले. हे ज्याला कळले, तो सिग्नलला गाडी विनाकारण चालू ठेवताना एकदा तरी विचार करील, अशी माझी आशा आहे.

म्हणून आजच्या शिक्षकांना माझे सांगणे एवढेच, की फळ्यावर तळे काढू नका. एक कोरडी वीट आणि बादलीभर पाणी वर्गात न्या. आणि "परीक्षेत येणार नाही" हे वाक्य कधी उच्चारू नका.

तो मुलगा आता साठीला टेकला असेल. कुठे असतो, मला ठाऊक नाही. त्याचे उत्तर द्यायला मला फार उशीर झाला.