बोटाला न सापडणारी यादी

१९९५ साली नेटस्केप या कंपनीत ब्रेंडन आइक यांनी संकेतस्थळांच्या पानांत हालचाल आणणारी जावास्क्रिप्ट ही भाषा रचली, तेव्हा वाचकाच्या हाती माउस असणार हे गृहीतच होते. परंतु आज ज्याच्यापाशी केवळ मोबाइल आहे, त्याच्या बोटाला शब्दावर नुसते रेंगाळण्याची, म्हणजे ‘होव्हर’ची, सोयच नाही, हे संकेतस्थळांचे कर्ते अद्याप ध्यानी घेत नाहीत. परवा एका कचेरीच्या संकेतस्थळावर माझी वृद्ध मावशी ‘अर्ज’ या शब्दावर पुनःपुन्हा बोट टेकवीत होती, आणि प्रत्येक खेपेस त्या शब्दाखाली होव्हरने उघडणारी यादी क्षणभर चमकून लुप्त होई व पान सरकून माथ्याशी जाई. हा सरळ अन्याय आहे. कर्त्यांना विनंती इतकीच, की यादी क्लिकने उघडावी, आणि कीबोर्डनेही.