यंदाची गवळण कोणती?

गुढीपाडवा जवळ आला की नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात. जुन्नर-आंबेगावच्याच नव्हे, लांबलांबच्या गावांच्या यात्रा कमिट्या इथं येतात. राहुटीत चहा होतो, तारखा बघितल्या जातात, घासाघीस करून इसार दिला की सुपारी पक्की. विचारपूस कशाची होते? मुली किती, गाड्या किती, लायटिंग कसं, आणि ‘ते’ सिनेमातलं गाणं आहे ना? यंदा नवं काय बांधलंय, हे सहसा कुणी विचारत नाही.

बांधलेलं तर असतं. वैशाखात हंगाम उतरला की पुढचे वेध लागतात आणि पावसाळ्यात तालमी धरल्या जातात. दसऱ्याला फड पुन्हा बाहेर पडतो. मधल्या दिवसांत कवी नवा वग लिहितो, पेटीवाला चाल धरतो, ढोलकीवाला लय बदलून ती तपासतो. मागून साथ देणाऱ्या सुरत्यांना ओळ झेलता आली नाही तर ती कवीकडे परत जाते. ढोलकी, हलगी, तुणतुणं आणि झांज एवढ्यावर गण-गवळण उभी राहते. (ऑक्टोपॅडशी आमचं वैर नाही, तो ढोलकीच्या डोक्यावर बसतो, एवढीच तक्रार.) शाहीर पठ्ठे बापूराव १९४५ मध्ये गेले, त्याला इतकी वर्षं झाली, तरी त्यांचं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, आज फडासाठी लिहिणाऱ्याचं नाव मात्र त्याच फडाच्या प्रेक्षकाला सांगता येणार नाही.

पूर्वी संगीतकार वसंत पवारांनी १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’त आणि राम कदमांनी १९७२ च्या ‘पिंजरा’त फडाची ढोलकी पडद्यावर नेली. आता पडद्यावरचं उष्टं फडात येतं. दोष एकट्या फडमालकाचा नाही. २०२० चा पाडवा २५ मार्चला होता, देशभर टाळेबंदी लागली त्याच दिवशी. करोनाच्या महामारीत यात्रा बुडाल्या, फड कर्जात गेले. कर्जात असलेला माणूस नव्या चालीवर पैसा लावायला धजत नाही.

नवं मागे पडण्याचं दुसरं कारण घड्याळाचं. ध्वनिक्षेपकाला रात्री दहाची मर्यादा आहे. गावात पालखी, हारतुरे, सत्कार, पुढाऱ्यांची भाषणं उरकेपर्यंत नऊ वाजतात. गण रिकाम्या मैदानापुढं होतो, गवळण घाईत. वग रंगात यायची वेळ आणि पोलिसांची गाडी यायची वेळ एकच! मग कापायचं काय, तर वग. आणि वगच कापला, तर प्रसंगासाठी बांधलेल्या नव्या गाण्याला जागा कुठली?

यात्रा कमिट्यांना सांगणं एवढंच: इसार देण्याआधी यंदाची गवळण राहुटीतच ऐकून घ्या. सुपारीच्या कागदावर वगाचं आणि तो लिहिणाऱ्याचं नाव घाला. सत्कार सकाळी उरका, आणि सात वाजता गण सुरू होऊ द्या.