घराजवळचें राज्य कोणाचें?

आगरदांड्याच्या धक्क्यावर दिघीच्या बोटीची वाट पाहणाऱ्या कोणाहि मनुष्याला विचारा, मुख्यमंत्री कोण? तो चटकन् सांगेल. पण जिल्हा परिषदेंत आपल्या गटाचा सभासद कोण, असें पुसा, कीं बहुतेक जण डोकें खाजवूं लागतील. हा सगळाच दोष त्यांचा नाहीं. रायगड जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्यें संपली आणि पुढील मतदान फेब्रुवारी 2026 मध्यें झालें. जवळजवळ चार वर्षें आमच्या शाळा, दवाखाने व रस्ते यांचा कारभार लोकांनीं न निवडलेल्या प्रशासकाच्या सहीनें चालला. मुदत संपण्यापूर्वीं निवडणूक घ्यावी, असें घटनेंत लिहिलें असतां हें घडलें!

कारण कोणतें? मुख्यतः मागासवर्गीयांच्या राखीव जागांचा वाद. 4 मार्च 2021 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, मागासलेपणाची नीट पाहणी केल्यावांचून या जागा ठेवतां येणार नाहींत. ती माहिती सरकारजवळ तयार नव्हती. खटला लांबत गेला, आणि अखेर 6 मे 2025 रोजीं न्यायालयालाच ‘निवडणुका घ्या’ असें बजवावें लागलें. आगरी, कुंभार, सुतार यांच्या जागांसाठीं भांडण चाललें, आणि तोंवर त्या कुंभार-सुतारांना मत देण्याचीच सोय उरली नाहीं!

बांधवांनो, हें मत आम्हांस फुकट मिळालेलें नाहीं. 1948 सालीं संस्थान विलीन होईपर्यंत आमचे आजेपणजे जंजिऱ्याच्या नबाबाची रयत होते. इंग्रजी मुलखांतहि ज्याच्यापाशीं मिळकत, सारा किंवा शिक्षण, त्यालाच मत असे. घाम गाळणारा बाहेरच उभा.

सभासदानें काय करावें, हें जोतीराव फुल्यांनीं दाखवून ठेविलें आहे. 1876 ते 1882 पर्यंत ते पुणें नगरपालिकेचे सभासद होते. लाटसाहेब लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठीं हजार रुपये खर्चण्याचा ठराव आला, तेव्हां हा पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावा, म्हणून त्यांनीं एकट्यांनीं विरुद्ध मत दिलें. जोतीराव तर सरकारनें नेमलेले सभासद. तरी ते सरकारच्या बड्या साहेबाला भ्याले नाहींत. मग तुम्हीं निवडून दिलेल्या सभासदानें ठेकेदाराला कां भ्यावें?

राज्यपाल राष्ट्रपति नेमतात. तेथें तुमचें मत चालत नाहीं. परंतु सरपंच व नगराध्यक्ष यांची थेट निवड 2022 पासून पुन्हां तुमच्याच हातीं आली आहे. म्हणून आमचें सांगणें इतकेंच कीं, मतदानाच्या आदल्या रात्रीं पाकीट घेऊन येणाऱ्यास दारांतूनच परत धाडा. आज घेतलेली नोट चार दिवसांत सरेल. त्यानें बुडविलेला रस्ता मात्र पांच वर्षें तुमच्या बायकापोरांना तुडवावा लागेल. आणि मत दिलें म्हणजे काम संपलें, असें समजूं नका. ग्रामसभेला घरांतल्या बायकांसह जा, जमाखर्च वाचून दाखवा म्हणा, शंका असेल तेथें उठून विचारा. विचारणारा गांव असला, म्हणजे खाणाऱ्याचा हात आंखडतो.