हसणाऱ्यांचीही जबाबदारी

लेक्चरला डुलकी लागलेल्या मुलीचा फोटो मागच्या बाकावरून कुणीतरी काढतं. दुपारपर्यंत त्याचं स्टिकर होतं आणि मग वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विषय कुठलाही असो, तेच येऊन पडतं. तिला ग्रुपही सोडता येत नाही. नोट्स, सबमिशनच्या तारखा, परीक्षेच्या सूचना, सगळं तिथेच येतं.

असं प्रकरण आमच्यापर्यंत आलं की स्टिकर करणारा हमखास म्हणतो, ‘सर, तसा काही हेतू नव्हता. सगळेच हसत होते.’ ही पळवाट आहेच, पण खरं कारणही त्यातच आहे. त्या मुलीशी त्याचं वैर नसतं. नवं शहर, नवं हॉस्टेल. कुठल्यातरी कंपूत त्याला जागा हवी असते. पहिल्या टोमण्याला हसरे इमोजी मिळाले की दुसरा अधिक बोचरा होतो. मुलीचा पडलेला चेहरा मोबाइलवर दिसत नाही, त्यामुळे हात आखडत नाही. हसणाऱ्यांतल्या कित्येकांना तर धास्ती असते, आपण गप्प राहिलो तर उद्या आपला नंबर लागेल.

२०१० साली अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात टायलर क्लेमेंटी या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याचे खासगी क्षण त्याच्या रूममेटने वेबकॅमवरून पाहिले, ट्विटरवर तसं लिहिलं आणि पुढच्या खेपेला इतरांनाही बघायला बोलावलं. त्याच आठवड्यात टायलरने आयुष्य संपवलं. बघायला कुणीच येणार नाही असं वाटलं असतं, तर ते आमंत्रण गेलं असतं का?

महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. ज्युनिअरना छळणारे व्हॉट्सअॅप ग्रुपही रॅगिंगच मानले जातील, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये बजावलं. हे गरजेचंच होतं. पण तक्रार करायची तर सोबत उभं राहणारं कुणीतरी लागतं, आणि अख्खा वर्ग हसलेला असताना ती मुलगी कुणाकडे बघणार?

म्हणून माझं मागणं दोघांकडे आहे. कॉलेजांनी सूचनांसाठी वेगळा ग्रुप करावा, जिथे फक्त शिक्षक लिहितील; म्हणजे छळ होणाऱ्या ग्रुपमधून बाहेर पडणं कुणाला महाग पडणार नाही. आणि मुलांनो, असं काही आलं तर एकाने तरी तिथेच, सगळ्यांसमोर लिहावं, ‘हे काढ.’ पहिल्याने लिहिलं की दुसऱ्याला धीर येतो. टाकणाऱ्याला हवी असते ती तुमची दाद. ती देऊ नका.