मोबाइल आमचा, तपासता कशाला?

आठवडी बाजाराला निघालेल्या पोराला नाक्यावर थांबवायचं, मोबाइल मागायचा, फोटो चाळायचे. परवाच्या सभेला कोण होतं? वनहक्काचे दावे कोण लिहून देतो? का म्हणून विचारलं की उत्तर एकच, देशाची सुरक्षा!

देश आमचाबी आहे. बंदुकीची भीती शहरवाल्यांना पेपरात दिसते, आम्हाला दारात दिसते, ती पण दोन्ही बाजूंनी. गुन्हा झाला तर तपास करा, आम्ही आड येत नाही. पण सभेला बसणं हा कुठला गुन्हा? दावे घ्यायचं काम तर २००६ च्या वनहक्क कायद्यानेच ग्रामसभेला दिलंय.

२४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. सरकारला त्यात हात घालायचा तर कायद्याचा आधार पाहिजे, खरं कारण पाहिजे, आणि कारणापुरताच हात घातला पाहिजे. उंदीर मारायला कोणी घर पेटवत नाही. हा निकाल काय फक्त बंगलेवाल्यांसाठी आहे? कुडाच्या घरालाही दार असतं.

घराची झडती घ्यायची तर पंच लागतात, नेलेल्या वस्तूंची यादी होते, नक्कल घरच्यांना मिळते. बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची. मग अख्खं घर ज्यात मावलंय तो मोबाइल असाच हिसकून घेता?

दादांनो, बायांनो, ज्याचा मोबाइल तपासला त्याने तारीख, वेळ, जागा ग्रामसभेच्या वहीत लिहवून घ्यावी. आणि वाचून घेतल्याशिवाय कुठल्याच कागदावर अंगठा नको.