देणगीच्या आधीची जबाबदारी

व्यापार-उद्योग आणि सामाजिक बांधिलकी हा विषय निघाला की बोलणे हटकून देणग्यांवर येऊन थांबते. अमुक उद्योगपतीने रुग्णालयाला यंत्र दिले, तमुक कारखानदाराने शाळेला वर्गखोल्या बांधून दिल्या. समारंभ होतो, हारतुरे होतात, वर्तमानपत्रात फोटो छापून येतो. देणे चांगलेच. पण नफा हाती आल्यावरच व्यावसायिकाची जबाबदारी सुरू होते, ही समजूत चुकीची आहे. तो नफा कशात काटकसर करून मिळवला, हा प्रश्न देणगीच्या आधी विचारायला हवा. तंजावर जिल्ह्यात २००४ साली हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला.

मराठी माणसाला तंजावर परके नाही. व्यंकोजीराजांनी तेथे भोसल्यांची गादी स्थापन केली. दुसऱ्या सरफोजीराजांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले, वाटसरूंसाठी आणि गरिबांसाठी अन्नछत्रे चालवली. याच जिल्ह्यात कुंभकोणम हे मंदिरांचे गाव आहे. थोर गणिती श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण याच गावात गेले. मुलांनी शिकावे ही ओढ अशा गावात घरोघरी असणारच. जिथे ओढ असते तिथे मागणी असते आणि जिथे मागणी असते तिथे दुकान उघडते.

काशीरामन रस्त्यावर एकाच इमारतीत तीन शाळा भरत होत्या. वरच्या मजल्यावरच्या वर्गांवर पक्के छत नव्हते, शाकारलेले छप्पर होते. खाली उतरायला अरुंद जिना होता. १६ जुलै २००४ च्या सकाळी मुलांच्या दुपारच्या जेवणाचा स्वयंपाक चालू असताना आग लागली आणि ती वर्गांवरच्या छपराला भिडली. बघता बघता जळते छप्पर मुलांवर कोसळले. ९४ मुले गेली. त्यातली बहुतेक प्राथमिक वर्गांतली होती.

काटकसरीचा हिशेब

आग लावण्याचा हेतू कुणाचाही नव्हता. पण हेतू नव्हता म्हणून जबाबदारी टळत नाही. शाकारलेले छप्पर स्लॅबपेक्षा स्वस्त पडते. तीन शाळा एका इमारतीत बसवल्या की जागेचा खर्च वाचतो. दुसरा जिना बांधायचा तर एका वर्गाची जागा जाते आणि तेवढी फी बुडते. प्रत्येक बचत वेगवेगळी पाहिली तर क्षुल्लक, व्यवहारी वाटते. सगळ्या बचती एका सकाळी एकत्र आल्या आणि त्यांची किंमत चालकांनी नव्हे, मुलांनी चुकवली.

खटल्याचा निकाल लागायला दहा वर्षे गेली. ३० जुलै २०१४ रोजी तंजावरच्या न्यायालयाने १० जणांना दोषी ठरवले आणि ११ जणांना सोडून दिले. शाळेच्या संस्थापकाला जन्मठेप झाली. दोषींमध्ये शिक्षण खात्याची माणसेही होती. पुढे २०१७ साली मद्रास उच्च न्यायालयाने संस्थापकाची जन्मठेप रद्द करून भोगलेली शिक्षा पुरेशी मानली. कायद्याच्या तराजूत काय बसते ते न्यायालये ठरवतात. पण ज्यांच्या घरातले दप्तर रिकामे राहिले, त्यांचा हिशेब कोणत्याही निकालाने पुरा होत नाही.

ही गोष्ट फक्त शाळेची नाही. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात आग लागली, ५९ प्रेक्षक मेले. तेथे बाल्कनीत जादा खुर्च्या बसवून बाहेर पडण्याची वाट अडवलेली होती. जादा खुर्च्या म्हणजे जादा तिकिटे. थिएटर असो, शाळा असो वा मंगल कार्यालय, गणित तेच.

कायदा काय सांगतो?

कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार १ एप्रिल २०१४ पासून ठराविक मर्यादेहून मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजोपयोगी कामांवर खर्च करावी लागते. तरतूद स्वागतार्ह आहे. पण ती नफ्याच्या दोन टक्क्यांविषयी बोलते. उरलेले ९८ टक्के कसे आले, ते पाहणे इतर कायद्यांवर आणि व्यावसायिकाच्या सदसद्विवेकावर सोपवलेले आहे. शिवाय गल्लीतली शाळा, शिकवणी वर्ग, छोटे उपाहारगृह या कलमाच्या कक्षेत येतच नाहीत. आपली मुले मात्र रोज तिथेच जातात.

कुंभकोणमनंतर सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ च्या निकालात शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्कही येतो, असे स्पष्ट केले. सर्व सरकारी व खाजगी शाळांनी सहा महिन्यांत अग्निशामक साधने बसवावीत, कर्मचाऱ्यांना ती वापरण्याचे शिक्षण द्यावे, इमारतीची वेळोवेळी तपासणी व्हावी, असे आदेश दिले. तरीही २४ मे २०१९ रोजी सुरतेत एका व्यापारी संकुलाच्या वरच्या मजल्यावरील शिकवणी वर्गाला आग लागली आणि २२ विद्यार्थी दगावले. जीव वाचवायला मुले खिडकीतून उड्या मारत असल्याचे दृश्य साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिले. धडा शिकवला गेला होता, शिकला गेला नव्हता.

यात ग्राहक म्हणून पालकांचाही वाटा आहे. शाळेत प्रवेश घेताना आपण माध्यम विचारतो, निकालाची टक्केवारी विचारतो, फी कमी होते का तेही विचारतो. जिने किती आहेत, सुट्टीच्या वेळी दार उघडे असते की कुलूपबंद, गॅसची शेगडी वर्गाला लागून आहे का, हे किती जण विचारतात? भाजी घेताना प्रत्येक वांगे उलटसुलट करून पाहणारी गृहिणी या बाबतीत मुकाट्याने पावती फाडून घेते. ग्राहक जे मागतो तेच दुकानदार ठेवतो. चार पालकांनी मिळून दुसरा जिना मागितला, तर चालकाला तो बांधणे नफ्याचेच ठरेल.

आणि चालकांनीही एवढे लक्षात ठेवावे. स्नेहसंमेलनाला पाहुणा बोलावून देणगीचा धनादेश देता येतो, फलकावर नावही कोरता येते. पण व्यवसायात पाऊल टाकणाऱ्याकडून समाज सर्वांत आधी एकच गोष्ट मागतो. सकाळी ज्यांना आत घेतले, ते संध्याकाळी सुखरूप घरी पोहोचावेत.